दौंडसाठी साहेब बघताना

शिरूर आणि दौंड ही काही कुणी मुद्दाम बघायला जायची गावं नव्हेत. शिरूरला माणसं नगरकडे जाताना चहा प्यायला थांबतात आणि दौंडला गाडी बदलायला उतरतात. महाबळेश्वरहून आलेला माणूस महिनाभर तेच सांगत बसतो. दौंडहून आलेल्याला फार तर एवढंच विचारतात, की गाडी लेट होती का. मी मात्र ही दोन गावं आणि त्यांच्यामधला रस्ता यांत तीन दिवस काढून आले, आणि आल्यापासून त्याबद्दल बोलायची थांबलेले नाही. घरचे कंटाळले, म्हणून आता लिहिते.

निमित्त कंपनीचं. आमची कंपनी गाड्यांना लागणारे वायरींचे जुडगे बनवते. शिरूरजवळ मोठा कारखाना, दौंडजवळ धाकटा. धाकट्यात पत्र्यातून छोट्या क्लिपा कापून काढतात. दौंडचे इनामदार साहेब दसऱ्याच्या आत निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी कोण, हे ठरत असताना एक परदेशी ग्राहक शिरूरचा कारखाना बघून गेला आणि जाताना सहज विचारून गेला, की मशीनवर एवढ्या बायका, मग केबिनमध्ये एकही कशी नाही? प्रश्न आमच्या मोठ्या साहेबांना लागला. दौंडला बाई बसवायचं ठरलं आणि नाव निघालं सुजाता ओव्हाळचं. शिरूरला उत्पादन तीच सांभाळत होती.

"पितृपंधरवडा चालू आहे, ऑर्डर आत्ता नको," मोठे साहेब मला म्हणाले. "पण तुम्ही जाऊन बघून या. बाई कशी आहे, दौंडची माणसं ऐकतील का तिचं. तुमच्या शब्दावर ठरवू."

पर्सोनेलचं काम करत माझे केस पांढरे झाले. माझ्या शब्दावर काही ठरणार, हे ऐकून बरं वाटलं. बॅग भरली.

सोमवार, शिरूर

भाद्रपद संपत आला होता. शिक्रापूर सुटलं की बाजरीची कणसं दिसायला लागली, राखणीला माळ्यावर माणसं बसलेली. रस्त्याचं म्हणाल तर खड्ड्यांत रस्ता होता. पुण्याला आम्ही खड्ड्यांबद्दल पेपरात पत्रं लिहितो; इथला जीपवाला प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखत असल्यासारखा वळणं घेत होता आणि त्याची काही तक्रार नव्हती.

कारखान्यात गेल्यावर मला वाटलं होतं, सुजाता केबिनमध्ये वाट बघत बसली असेल. ती लाइनवर होती. चाळिशीची, सावळी, उंच, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. तपासणीत नापास झालेल्या जुडग्यांचा ढीग पुढ्यात घेऊन दोन मुलींशी बोलत होती. ओरडत नव्हती. "हे बघ, ही पिन दाबताना तुझा अंगठा कुठं येतो?" असं विचारत होती. मी आल्याचं तिला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली आणि तो ढीग संपेपर्यंत उठली नाही. मी उभीच. थोडा राग आला, मग तो ओसरला, कारण तिथं जे चाललं होतं ते बघण्यासारखं होतं.

तिथल्या साहेबांनी मला आत बसवून चहा पाजला. "कामात वाघ आहे हो," ते म्हणाले. "पण."

मी वाट बघत राहिले. पुढं काही आलं नाही. त्या "पण"पाशी त्यांचं वाक्य संपलं होतं.

संध्याकाळी सुजाता मला घोडनदीच्या पुलावर घेऊन गेली. नदीला पाणी चांगलं होतं. पलीकडचा काठ नगर जिल्ह्याचा. ती मूळची दौंडची, वडील रेल्वेत गँगमन. डिप्लोमाला वर्गात एकटी मुलगी होती आणि वर्कशॉपमध्ये तिला कुणी लेथला हात लावू देत नव्हतं, म्हणून ती सकाळी शिपायाबरोबर दार उघडायला जायची. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.

"जायचंय तुम्हाला दौंडला?" मी विचारलं.

"जायचंय की," ती म्हणाली. "माझे वडील त्या गावात आयुष्यभर रुळांवरून चालले. मला तिथं दारातनं आत जायचंय. पण ताई, हे मला आत्ता तुम्ही पहिल्यांदा विचारताय. बाकीच्यांनी मिस्टरांना चालेल का तेवढं विचारलं."

मंगळवार, न्हावरे

शिरूरहून दौंडला जाताना न्हावरं लागतं. सुजाताचं सासर तिथंच, मुक्कामही तिथंच ठरला. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, गावात सगळे त्यांना सर म्हणतात. घर साधं, स्वच्छ, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली ताजी फुलं. दारापुढं कांद्याच्या रोपांचे वाफे. ते बघायला म्हणून मी मोठ्या ऐटीत बांधावर चढले आणि पाय घसरून पाटात बसले. पुण्याची साडी आणि न्हावऱ्याचा चिखल यांची ओळख झाली. सर हसू दाबायला घरात निघून गेले. सुजाताची सासू मात्र तोंडावर हसली आणि आपलं लुगडं नेसायला दिलं.

सुजाता सासूला आत्या म्हणते; या आत्यांबद्दल लिहिलंच पाहिजे. सत्तरीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, आवाज मात्र गावाच्या वेशीपर्यंत जाईल असा. जेवायला त्यांनी मासवडी केली होती. नाव काही असलं तरी तिच्यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरून वळकटी करायची, तिच्या वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा ओतायचा. मी "तिखट जरा बेतानं" म्हटलं. आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

जेवताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कशापायी आलाय म्हनायचं?"

मी सांगितलं, सुजाताला दौंडला मोठी साहेब करायचं चाललंय, त्याआधी जरा बघायला आले.

"बघायला?" आत्यांनी भाकरी थापायची थांबवली. "म्हंजी लगनाची पोर बघत्यात तसं? चालून दाव, सुईत दोरा ओव?"

"आत्या, जेवू द्या त्यांना," सुजाता म्हणाली.

"जेवू दे की. मी काय त्यांचा हात धरलाय व्हय?" आत्या माझ्याकडं वळल्या. "मी कांदं लावायच्या टोळीची मुकादमीन व्हते बाई. ईस-ईस बायका. मला कुनी बघाया आलं न्हाई. जुनी मुकादमीन थकली, मला म्हन्ली तू हो म्होरं. मी वाफ्यात उतरले, बायका मागनं आल्या. झालं."

"आणि बायकांनी ऐकलं नाही असं कधी झालं नाही?"

"झालं की. दोघी-तिघी कुरकुरल्या. पन मजुरी ठरवायला मळेवाल्यापुढं मीच हुबी ऱ्हायची, मग न ऐकून जात्यात कुठं?"

सर इतका वेळ गप्प जेवत होते. हात धुताना ते हळूच म्हणाले, "मॅडम, हिचं एक आहे. पूर्ण दिलं तर ही जीव ओतते. अर्धं दिलं तर आतल्या आत झुरते. अर्धं देऊ नका." त्यांचं जेवढं म्हणणं होतं तेवढं त्यात आलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अर्धं कोण कशाला देईल?

बुधवार, दौंड

सकाळी निघालो. पारगावला भीमेचा पूल ओलांडला आणि ऊस सुरू झाला, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. चौफुल्याच्या अलीकडे जीप पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. ड्रायव्हर चाक घेऊन एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून गेला आणि आम्ही दोघी बाभळीखाली बसलो. पुण्यात असं कुणी बसलेलं दिसलं तर लोक नजर चुकवून जातात. इथं जाणारा प्रत्येक जण थांबून "काय झालं?" विचारत होता. एक आजोबा तर काहीच मदत करता येत नाही म्हणून आमच्याजवळ नुसते बसून राहिले.

कारखान्यात पोचलो तेव्हा सगळी माणसं कँटीनमध्ये जमली होती. इनामदार साहेब हसऱ्या चेहऱ्याचे, अघळपघळ, सगळ्यांचे लाडके. त्यांच्या शेजारी कामगारांचे पुढारी गदादे मामा, डोक्यावर टोपी, कपाळावर बुक्का. बायकांच्या बाकावर सगळ्यांत पुढं कांताबाई, कारखाना सुरू झाल्यापासून पत्रा कापायच्या प्रेसवर असलेली. मी त्यांचं ऐकायला आले होते, पण त्यांनी आधीच काहीतरी ठरवून ठेवलेलं दिसत होतं, कारण सगळे खूश होते.

मामा उठले. "मॅडम, तुमी आलात, आनंद हाय. बाई म्हून आमची काय हरकत न्हाई. फकस्त दसऱ्याचा एक इषय व्हता. तो बी आमी सोडवला हाय."

मग त्यांनी रीत सांगितली. या कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा साहेब आणि साहेबांची मंडळी जोडीनं करतात. साहेबांना फेटा, वहिनींना साडी. साहेबांनी प्रत्येक मशीनला हात लावून गंध लावायचं, वहिनींनी त्यांच्या हाताला हात लावायचा. घरची पोरंबाळं बघायला येतात, मग जेवण.

"आता तुमचा धर्म येगळा," मामा सुजाताला म्हणाले. "त्या दिशी तुमी पांढरी वस्त्रं घालून विहारात जाता, आमाला म्हाईत हाय. तुमाला बळंच बशीव असं आमी म्हनायचो न्हाई. म्हून आमी इनामदार सायबांना इचारलं. ते दर वर्साला दसऱ्याला येनार, वहिनींना घिऊन. पूजा तेंच्या हातनं हुईल. तुमाला बी तरास न्हाई, आमाला बी न्हाई."

"येईन की. हा काय परका कारखाना आहे?" इनामदार म्हणाले. टाळ्या वाजल्या.

मी सुजाताकडे बघितलं. तिचा चेहरा स्थिर होता, पण हातातला चहाचा ग्लास तिनं खाली ठेवला होता. मला जे कळलं ते तिलाही कळलं असणारच. ही माणसं वाईट नव्हती. त्यांनी रात्रंदिवस डोकं चालवून सर्वांना सोयीचा मार्ग काढला होता. फक्त त्या मार्गात वर्षातून एकदा, सगळ्यांच्या घरच्यांदेखत, तिच्या जागेवर जुने साहेब बसणार होते. ज्या दिवशी मुलं आईला विचारतात, "तुमचे साहेब कुठले गं?" नेमका तोच दिवस. मला वाईट वाटलं.

"मामा," सुजाता म्हणाली, "साहेबाचा हात लागला नाही तर काय होतं?"

मामांनी टोपी सारखी केली. "एक वर्स सायेब आजारी व्हते. पूजा झाली न्हाई. त्याच म्हयन्यात प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली. हे समदे साक्षी हायत. मी काय खोटं बोलत न्हाई."

कुणीही हसलं नाही. मीही नाही. बोटं गेल्यावर माणूस कारण शोधणारच, आणि हाताशी असेल तेच कारण धरणार.

"ती प्रेस दाखवता मला?" सुजाता म्हणाली.

सगळे उठून आत गेले. प्रेस चालू होती, कुणी तरी नवा माणूस पत्रा सरकवत होता, ठोका पडत होता, क्लिपा टोपलीत उडत होत्या. प्रेसच्या पुढं हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. ती जाळी वर उचलून तारेनं बांधून ठेवलेली होती. जाळी खाली असली की पत्रा सरकवायला वेळ लागतो, माल कमी निघतो. सगळ्यांना ते माहीत होतं. तार गंजलेली होती, म्हणजे बांधून बरेच दिवस झाले होते.

सुजातानं कुणालाही काही विचारलं नाही. पुढं होऊन तिनं लाल बटण दाबलं. प्रेस थांबली. शेजारच्या दोन प्रेसच्याही जाळ्या तशाच होत्या, तिनं त्याही थांबवल्या. कारखान्यात एकदम शांतता झाली, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"अहो मॅडम, आज माल जायचाय," इनामदार म्हणाले. ते अजून हसत होते, पण कमी. "जाळीचं बघू नंतर. आणि अजून तुमची ऑर्डर निघाली नाहीये. मामा, सुरू करा."

तिथं काय व्हायचं ते त्या घटकेला होणार होतं. सुजाताकडं ना ऑर्डर होती ना अधिकार. मी पुण्याहून आलेली, मीही काही बोलू शकले असते, पण माझी जीभ उचलली नाही. सगळे मामांकडे बघत होते. मामा त्या गंजलेल्या तारेकडे बघत होते.

"सायेब," ते इनामदारांना म्हणाले, "जाळी बसू द्या."

"मामा, ट्रक उभा आहे बाहेर."

"उबा ऱ्हाऊ द्या. ट्रकला बोटं न्हाईत."

कांताबाईनं आधीच पक्कड आणली होती. तार तुटली, जाळ्या खाली आल्या, मेंटेनन्सवाल्यांनी नट आवळले. त्यात दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली. ट्रक अर्धा भरून गेला. इनामदार केबिनमध्ये जाऊन बसले, आणि मला त्यांचंही वाईट वाटलं. ते वाईट मनाचे नव्हते, त्यांना माल वेळेवर पाठवायची इतकी सवय झाली होती की तार दिसेनाशी झाली होती.

उशिरा जेवताना कांताबाईनं विषय परत काढला. "मॅडम, मग पूजेचं काय वो?"

"पूजा होऊ दे," सुजाता म्हणाली. "ज्याचं मशीन त्यानं करावी. तुम्ही तुमच्या प्रेसची करा, घरच्यांना शेजारी बसवून. मी सकाळी विहारात जाऊन येते आणि पूजेआधी एकेक मशीन, एकेक जाळी स्वतः तपासून तुमच्या ताब्यात देते. इनामदार साहेब आणि वहिनी आपले पाहुणे, जेवायला त्यांना मानानं बोलवू. पण माझ्या जागी कुणी नको."

"आमी आमच्या हातानं?" कांताबाई मामांकडं बघत म्हणाली. तिच्या आवाजात मला आनंद ऐकू आला, पण तो तिनं लगेच झाकला.

"इच्यार करावा लागंल," मामा म्हणाले. आणि भातावर आमटी ओतून घेतली.

संध्याकाळी दौंड स्टेशनासमोरच्या एसटीडी बूथवरून मी मोठ्या साहेबांना फोन लावला. सुजाता बाहेर बाकावर चहा घेत बसली होती. मी सगळं सांगितलं, प्रेस, जाळी, ट्रक. साहेबांनी नीट ऐकून घेतलं.

"हिंमत आहे बाईत," ते म्हणाले. "पण पूजेचं पक्कं झालं नाही म्हणता. मग असं करू. सहा महिने प्रभारी म्हणून ठेवू. जमलं तर कायम करता येईल."

"इनामदारांना प्रभारी ठेवलं होतं?"

"अहो, ते वेगळं. आणि प्रभारी असल्यानं काय बिघडतं? तुम्ही नाही का तीन वर्षं प्रभारी पर्सोनेल मॅनेजर आहात? तुमचं काही अडलं का?"

ते चिडून बोलले नव्हते. मला उदाहरण म्हणून दाखवत होते, कौतुकानं. आधीचे मॅनेजर गेले तेव्हा त्यांची खुर्ची मला दिली, काम दिलं, कायम करायचं राहून गेलं. घरी मी सांगायची, तेवढं कागदोपत्री आहे. इतकी वर्षं सांगून मला स्वतःलाही ते पटलं होतं. बूथच्या काचेतून सुजाता दिसत होती, आणि दुपारी माझी जीभ का उचलली नाही ते मला त्या क्षणी कळलं. आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग आला ते बरं वाटलं.

"अडलं, साहेब," मी म्हटलं.

"काय?"

"तीन वर्षांत मी एकही निर्णय तुम्हाला विचारल्याशिवाय घेतलेला नाही. प्रभारी माणूस आधी फोन लावतो. दौंडला प्रेससमोर उभी राहिलेली बाई पुण्याला फोन लावत बसली, तर तेवढ्यात बोट जाईल. तिला पूर्ण द्या, नाहीतर देऊ नका. माझा शब्द विचारलात ना, हा माझा शब्द."

मग ते म्हणाले, "या तुम्ही पुण्याला, बोलू."

बाहेर आले. बूथचं दार नीट लागत नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. सुजातानं माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. "प्रभारी असेल तर मी येणार नाही ताई," ती म्हणाली. "शिरूरला माझं बरं चाललंय."

"तेच सांगितलंय."

तिनं माझा ग्लास माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "आणि तुमचं?"

मी चहा प्यायले. गाडी आली, लेट नव्हती.

पंधरवडा संपला आणि घटस्थापनेला सुजाताची ऑर्डर निघाली. तिच्यात प्रभारी हा शब्द नव्हता. दसऱ्याला मी दौंडला जाऊ शकले नाही, पण कांताबाईनं फोनवर सांगितलं, की मामांनी विचार केला, आणि सर्वांत आधी स्वतःच्या मशीनपुढं बायकोला घेऊन बसले. माझ्या बाबतीत मोठ्या साहेबांनी अजून काही ठरवलेलं नाही. मी मात्र सही करताना नावाखाली नुसतं पर्सोनेल मॅनेजर असं लिहायला लागले आहे. अजून कुणी हरकत घेतलेली नाही.